पहिला तोडा

चांदूर बाजारच्या पंचक्रोशीत मिरचीची जात ओळखण्यात गजेंद्रचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे सगळ्यात जास्त त्याला स्वतःलाच पटलेलं होतं. भूत मिरची आणि नागा मिरची म्हणजे सख्ख्या बहिणी. एक जिभेला लागली तर उभा माणूस खाली बसतो, दुसरी लागली तर बसलेला उठून पळतो. गजेंद्र दोघींना एका नजरेत वेगळं काढी. त्याच्या भूत मिरचीच्या अंगावर बारीक पुटकुळ्या आणि टोकाला विंचवाच्या नांगीसारखी वाकडी शेपटी. नागा आखूड, अंगाला वळ्या, टोक बोथट. पण ही खूण दिसते दुसऱ्या तोड्यापासून, म्हणजे दुसऱ्या तोडणीपासून. पहिल्या तोड्याला दोघींचीही फळं सारखीच गुळगुळीत आणि बिनशेपटीची निघतात. म्हणून 'पहिल्या तोड्यावर जात सांगू नये' असं तो त्याचं जाळीचं शेडनेट पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काही उगाच झालेली नाही.

त्याचं बी सहा वर्षांच्या निवडीतून तयार झालेलं. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांना दुसऱ्या जातीचा पराग लागू नये म्हणून त्याची बायको आकांक्षा फुलांवर मलमलीच्या पिशव्या बांधी. गेल्या दिवाळीनंतर त्यातल्या तीन पिशव्या फाटलेल्या सापडल्या, आतली फळं गायब. त्याच आठवड्यात गजेंद्रची बहीण रागिणी आणि तिचा नवरा देवमन मुक्कामाला येऊन गेले होते. तेवढं गजेंद्रच्या डोक्यात राहिलं. यंदा देवमननेही शेडनेट उभं केलं. आसामातल्या ओळखीच्या माणसाकडून नागाचं बी आणलं, असं त्याने सांगितलं. गजेंद्र नुसता हसला.

मग एके दिवशी अकोल्याला जठारपेठेत, पंजाबराव व्यापाऱ्याच्या दुकानात, पंजाबरावने त्याच्यापुढे मूठभर लाल मिरच्या टाकल्या. देवमनच्या पहिल्या तोड्याचा माल होता तो. हुबेहूब गजेंद्रच्या पहिल्या तोड्यासारखा. 'तुमचंच बी दिसते हे,' असं पंजाबराव सहज बोलून गेला, आणि गजेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपणच शिकवलेला नियम त्या क्षणी त्याला आठवला नाही, किंवा आठवून घ्यायचा नव्हता.

तो घरी गेलाच नाही. मोटारसायकल थेट देवमनच्या बांधावर नेऊन आडवी टाकली. तिथे उभ्या असलेल्या बैलगाडीची लाकडी उभारी, बाजूचा जाड दांडा, उपसली. झाडंही उपटायची होती, म्हणून डिकीतले मिरची तोडायचे रबरी मोजे हातात चढवले. एवढ्या रागातही स्वतःच्या हाताची काळजी सुटली नव्हती.

देवमन शेडनेटच्या आत विळ्याने तण काढत होता. साधा, कमी बोलणारा माणूस. त्याने 'या दादा' म्हणून उठायला सुरुवात केली, तोवर गजेंद्रने दोन झाडं मुळासकट उपटून फेकली होती.

"माह्या घरचं बी चोरतं? जवाई हाये म्हून सोडून देईन वाटलं का तुले?"

"नागा हाये हे, दादा. दुसरा तोडा येऊ द्या, मंग पाहा. तुमीच तं सांगता."

ते खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. ज्या जावयाचे पाय घरी आल्यावर धुवायचे, त्याच्या अंगावर गजेंद्रने उभारी घातली. पहिला घाव डाव्या हातावर बसला आणि कोपराखालचं हाड कडकन मोडलं. देवमनने दुसऱ्या हाताने विळा फिरवला. गजेंद्रचा कान फाटून लोंबला, मानेवरून रक्ताची धार सदऱ्यात उतरली. मग दोघंही सरीत कोसळले. झाडं मोडत, चावत, एकमेकांचे केस उपटत लोळले. शेवटी गजेंद्र त्याच्या छातीवर चढला. हाताला आल्या तेवढ्या मिरच्या ओरबाडल्या, मुठीत चिरडल्या आणि देवमनच्या डोळ्यांवर घासल्या. बियांसकट, मातीसकट, पुन्हा पुन्हा. देवमनला ओरडायचं होतं, पण घशातून नुसती शिट्टी निघत होती.

गजेंद्र उठला. देवमन सरपटत दाराजवळच्या माठाकडे निघाला. मोडका हात मागून फरफटत होता, धड हात हवेत चाचपत होता. बोटं माठाच्या काठाला लागली. गजेंद्रने ती लागलेली पाहिली, आणि उभारीच्या एका फटक्यात माठ फोडला. पाणी काळ्या मातीत मुरून गेलं. बाकीचं सगळं रागाच्या नावावर खपलं असतं, माठ नाही. माठ फोडण्याआधी तो दोन श्वास थांबला होता.

अमरावतीच्या दवाखान्यात देवमनचा उजवा डोळा गेला. डाव्याचं काही सांगता येत नव्हतं, दोन्हींवर पट्टी होती. लगेच पाणी मिळालं असतं तर उजवा राहिला असता, असं डॉक्टरांनी रागिणीला सांगितलं. गजेंद्र कोठडीत राहून जामिनावर सुटला. देवमन अजून जबाब देण्याच्या स्थितीत नव्हता. हरिहर वकिलांनी गजेंद्रला स्पष्टच सांगितलं: चोरी खरी ठरली तर तुमच्या बाजूने बोलायला काहीतरी आहे. बहिणीला पटलं तर तडजोडही होईल. नाहीतर तुरुंग ठरलेला. दोन्ही शेतांतली एकेक मिरची आणा.

नवव्या दिवशी गजेंद्र पुरावा आणायला देवमनच्या शेडनेटमध्ये शिरला. दुसरा तोडा लालबुंद लटकला होता. आखूड, वळ्यांचा, बोथट. त्याने चाळीस झाडं उलटीपालटी केली, एका फळाला शेपटी नव्हती. मग तो स्वतःच्या वावरात आला. तिथे जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून एक बुलबुल आत शिरला होता आणि मलमलीची पिशवी टोचून मिरची ओढत होता. पाखरांना मिरचीचा तिखटपणा लागत नाही, हेही गजेंद्रच लोकांना सांगायचा. चोर सोडून त्याने संन्याशाला सुळी दिलं होतं.

तो बांधावर बसून राहिला. शरम वाटली, खूप वाटली. पण शरमेपेक्षा तुरुंगाची भीती मोठी निघाली. त्याने स्वतःच्याच झाडाच्या दोन मिरच्या मोजे न घालता तोडल्या आणि रुमालात बांधल्या.

दवाखान्यात जबाब घ्यायला आलेला पोलीस जमादार दाराबाहेर बाकावर बसला होता. आत रागिणीने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. हरिहर वकील खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. गजेंद्रने रुमाल सोडला.

"एक माह्या वावरातली, एक देवमनच्या. शेपटी पाह्य, रागिणी. दोन्हीची एकच जात हाये."

रागिणीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. नऊ दिवस ती नवऱ्याच्या बाजूने सगळ्या माहेराशी भांडली होती. तिने दोन्ही मिरच्या देवमनच्या धड हातात ठेवल्या. देवमनचा अंगठा सावकाश फिरला. पुटकुळ्यांवरून, मग शेपटीवरून. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"दोन्ही तुमच्याच हायेत, दादा," तो म्हणाला. "माही कुठी हाये?"

हरिहर वकिलांनी मान फिरवली. गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने त्याच हाताने पुसलं, आणि दोन्ही डोळ्यांत निखारे पडले. तो वाकला, कण्हला, आंधळ्यासारखा स्टुलावर पाणी चाचपू लागला. पेला खाली पडला. रागिणीने तांब्या उचलला आणि छातीशी घट्ट धरला. आतलं पाणी हिंदकळलेलं त्याला ऐकू आलं, पण हाताला काही लागेना.

देवमनने पट्टी बांधलेला चेहरा त्या आवाजाकडे वळवला.

"पानी दे त्याले, रागिणी," तो म्हणाला. "मंग बाहेरच्या साहेबाले आत बोलाव. मले जबाब द्याचा हाये."