शिंगताऱ्याची कालवड

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. कोंबडीनं दोन दिवस अंडं दिलं नाही, तर मी आधी शेजाऱ्यांच्या तव्यात डोकावते. तेव्हा माझ्या सख्ख्या भावानं, मोखेथीनं, केपच्या गोदीतून, म्हणजे तो कामाला असतो त्या पार दक्षिणेच्या बंदरातून, फोन करून विचारलं, "आउसी, गेल्या साली माझ्या बायकोला ती कालवड मिळालीच कशी?", तर माझ्या मनात पाल चुकचुकणारच. आउसी म्हणजे थोरली बहीण. आईच्या मागं त्याला मीच वाढवला.

कालवडीची गोष्ट अशी. थंडी सुरू होऊन ज्वारी कापणीला आली, की शिंगतारा, म्हणजे अगस्ती, पहाटे दक्षिणेच्या कड्यावरून पुन्हा वर येतो. त्याआधी काही आठवडे तो सूर्याच्या उजेडात हरवलेला असतो. जो त्याला सगळ्यांत आधी पाहील त्याला आमचे मोरेना, गावचे प्रमुख, एक कालवड देतात. पुरुष त्यासाठी पलीकडच्या टेकडीवर महिनाभर शेकोट्या पेटवून बसतात, ज्वारीची दारू पितात, आणि नेमक्या दिवशी घोरत पडतात. आणि गेल्या साली आमची मातुमेलो, मोखेथीची बायको, आयुष्यात कधी आकाशाकडं मान वर न केलेली बाई, एका पहाटे उठून कड्यावर गेली आणि कालवड जिंकून आली. एकाच पहाटेत!

"एकटीच गेली होती, की सोबत कुणी होतं?" मोखेथी म्हणाला. "मी पडलो इतक्या लांब, मला काय कळणार? तू नीट बघ. आणि काही आढळलं तर तिला सरळ माहेरी धाड, पोरांना तुझ्याकडं ठेव, घराला कुलूप लाव. पुढचं मी बघतो."

पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला पटलं. मी डोळ्यांत तेल घालून मातुमेलोवर नजर ठेवली. नळावर चार बायकांच्या कानातही घातलं. ते फिरत फिरत मोरेनांपर्यंत गेलं, आणि त्यांनी जाहीर केलं की यंदा साक्षीदाराशिवाय कालवड नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मातुमेलो माझ्या दारात उभी.

"आउसी, उद्या पहाटे माझ्याबरोबर कड्यावर येशील? साक्षीदार लागतो म्हणे."

"उद्याच का गं?"

"उद्या नाही तर परवा."

"ताऱ्यानं निरोप धाडलाय वाटतं तुला?"

"वर चल, मग सांगते," ती म्हणाली आणि गेली. हसली नाही, चिडलीही नाही. मला तर तीच गोष्ट जास्त खटकली. उद्या मला पुढं करून ही कुणाला तरी लपवणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

पहाटे आम्ही ब्लँकेटं गुंडाळून कड्यावर बसलो. ती दक्षिणेकडं तोंड करून, आणि मी पायवाटेकडं. कुणी आलंच तर ते तिथूनच येणार होतं. बराच वेळ कुणी आलं नाही.

"आता सांग," मी म्हणाले. "कोण उठवतं तुला?"

"तुझा भाऊ."

"माझ्या भावाला मध्ये आणू नकोस हं!"

"ऐकून तरी घे. केपला गेल्यापासून दर वर्षी तो फोनवर म्हणायचा, काय गारठा आहे, गोदीवर उभा आहे, शिंगतारा वर आलाय. आणि आपल्याकडं तो दिसायचा त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी. तीन वर्षं असंच झालं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुष महिनाभर जागतात. मला दोनच पहाटा जागलं तरी पुरे."

"काहीतरीच! तारा एक, आकाश एक. त्याला आधी आणि आपल्याला मागून, हे कसं?"

"खळ्यात तिवडा रोवतात ना? बैल त्याच्याभोवती फिरतात. तसा आकाशाचा तिवडा आहे दक्षिणेला. तिथं तारा नाही, नुसती काळी जागा, पण सगळं फिरतं तिच्याभोवती. जितकं दक्षिणेला जावं तितकी ती जागा वर चढते. शिंगतारा तिच्या जवळचा, तोही वर उचलला जातो. केप तर आपल्यापासून किती दक्षिणेला! तिथं तो लवकर उगवतो, उशिरा मावळतो. म्हणून उजेडातून आधी सुटतो."

मी मनातल्या मनात तिवड्याभोवती बैल फिरवून पाहिले. खोट सापडली नाही. छातीवरचा धोंडाच उतरला. म्हणजे परका पुरुष वगैरे काही नव्हतं. उलट माझ्या भावाच्याच बोलण्यावर हिनं कालवड मिळवली होती, आणि त्या वेड्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"मग कालवड अर्धी त्याचीच की गं!" मी म्हणाले. "यंदा कधी दिसला म्हणाला त्याला?"

ती म्हणाली, "यंदा मी गेल्या सालच्या अंदाजानं आले. त्याला तूच विचार ना. इथं कड्यावर रेंज येते."

मी फोन लावला. त्यानं बऱ्याच वेळानं उचलला.

"आउसी? काय झालं? कुणी गेलं का?"

"नाही रे बाबा. शिंगतारा दिसला का तुझ्याकडं?"

"शिंगतारा?" त्यानं जांभई दिली. "कुठला! अगं, गोदीवरच उभा आहे मी. आकाश लख्ख आहे. रोज बघतो, देवाशपथ. अजून नाही आला. तुमच्याकडं दिसला की इथंही दिसेलच. घाई काय आहे?"

लहानपणापासून खोटं बोलताना तो असंच जास्तीचं बोलतो. लख्ख आकाश, रोज बघतो, देवाशपथ. फोन कानाला तसाच धरून मी मातुमेलोकडं पाहिलं.

"पंधरा दिवसांपूर्वी मीही विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "हेच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाजवळ बोलू? तुझ्याजवळ?"

मला रडू आलं आणि रागही आला. सवयीनं आधी तिच्यावरच आला. तिनं माझा खांदा धरून मला पायवाटेकडून दक्षिणेकडं वळवलं. कड्याच्या अगदी लगत, फिकट होत चाललेल्या आकाशात, तो पांढराशुभ्र थरथरत होता.

"आउसी, आहेस का?" मोखेथी विचारत होता. "त्या बाईचं काय केलंस मग?"

"दिसला रे," मी म्हणाले. "तुझ्या बायकोला दिसला. तू केपला असतास तर तुला पंधरा दिवसांपूर्वीच दिसला असता. कुठं आहेस तू, मोखेथी?"

पलीकडून एका बाईनं झोपेतच विचारलं, कोण आहे म्हणून. मग फोन बंद झाला.

उजाडल्यावर आम्ही दोघी मोरेनांच्या अंगणात गेलो. ते चूल पेटण्याची वाट बघत बसले होते.

"कुणी पाहिला आधी?" त्यांनी विचारलं.

"हिनं," मी म्हणाले.

"आणि तुम्ही, बाई? तुम्ही तर शेजारीच बसला होतात."

"मी पायवाटेकडं बघत होते. कोण येतंय म्हणून."

ते मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

"कालवड हिच्याच अंगणात बांधा, मोरेना," मी म्हणाले. "घरही हिचंच, पोरंही हिचीच. मोखेथी काही मागायला आला, तर त्याला आधी माझ्याकडं धाडा. यंदा तो शिंगतारा कुठं उभा राहून बघत होता, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."