तेजाचा काटा

बाबांच्या चेल्याने शटर ओढलं, दिवा बंद केला आणि वजनकाट्याची वायर भिंतीतून उपटून सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरवली. टायरच्या गोदामावरच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. अंधारात काट्यावरचे लाल आकडे तसेच जळत राहिले.

"वायर कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"चेल्याच्या हातात," गर्दी म्हणाली.

"मग आकडे कशावर जळतात?"

"तेजावर."

"कुणाच्या?"

"तुमच्या, बाबा."

"माझ्या कसल्या? तुमच्याच. मी फक्त वाढवून देतो."

वाढवून देतो, हे मात्र खरं होतं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिथे गेले ती ताईच्या नवऱ्यासाठी. भाऊजींना क्षयरोग झाला होता. दोन महिने गोळ्या नीट घेतल्या, खोकला कमी झाला, आणि चार आठवड्यांपूर्वी या बाबांनी त्या बंद करायला लावल्या. गोळी तेज खाते म्हणे. दवाखान्यात शेवटचं वजन बावन्न किलो भरलं होतं. बाबांच्या काट्यावर पहिल्या आठवड्यात बावन्न, मग त्रेपन्न, मग पंचावन्न. वजन वाढणं हे चांगलं लक्षण, असं डॉक्टरांनीच ताईला सांगितलेलं. त्यामुळे माझं बोलणं तिला पटेना.

"तू पुस्तकातलं सांगतेस. मी डोळ्यांनी बघतेय."

"मग नीट बघ. त्यांच्या पट्ट्याला तू परवा नवीन भोक पाडलंस. आतल्या बाजूला."

"चामडं आहे, ताणतं," ताई म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

चेल्याने दिवा परत लावला आणि रांग काट्याकडे सरकू लागली. भाऊजींच्या पुढे शंभर किलोंचा एक बेकरीवाला होता. त्याचंही तेज महिन्यात सोळा किलोंनी वाढलं होतं. काट्यावरून उतरताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग भाऊजी चढले. सत्तावन्न.

भाऊजींचं किराणा दुकान आहे. त्यांच्या गल्ल्याशेजारी असाच छोटा काटा असतो. वीज गेली तरी तो चालतो आणि ते गिऱ्हाइकाला डाळ मोजून देतात. तेव्हा त्यांना कधी तेज आठवलं नाही. काट्याच्या पोटात शिसं आणि आम्ल भरलेली सीलबंद बॅटरी असते, साबणाच्या दोन वड्यांएवढी. रांगेत लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्ट अडकली की आतला दिवा अशाच बॅटरीवर लागतो आणि ती बॅटरी बदलण्याचं काम त्याचंच. बँकेचा रखवालदार होता. धोक्याच्या घंटेच्या पेटीत तीच बसलेली असते. पूर्वीच्या बॅटरीत पाणी घालावं लागे, म्हणून ती लक्षात राही. ही सांडत नाही, काही मागत नाही, म्हणून लोक तिला विसरतात. त्या विसरण्यावर बाबांचा धंदा चालला होता. मला बाबांपेक्षा त्या रांगेचाच जास्त राग आला. रोज हाताने जे करतात, ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून आले होते सगळे.

"भाऊजी, तुमच्या काट्याचं झाकण कुठे असतं?"

"आकड्यांच्या डब्यामागे."

"याचं उघडा."

"हात लावू नका, झटका बसेल," चेला ओरडला. पण भाऊजींच्या अंगठ्याने सवयीने खटका दाबला होता. आत लाल आणि काळी वायर दिसली. मी लाल ओढली. आकडे विझले.

"अहो, ही तर माझ्या लिफ्टमधली," मेकॅनिक म्हणाला. मागे कोणीतरी हसलं.

बाबांनी हात वर केला. "डबा निमित्त असतो. वजन वाढलं की नाही, तेवढं बोला."

"वाढलं," गर्दी म्हणाली.

सकाळी मी भाऊजींकडून दहा किलो साखर पिशवीत भरून घेतली होती, कशासाठी ते न सांगता. वायर परत जोडली आणि पिशवी काट्यावर ठेवली. आकडा आला अकरा किलो सहाशे.

"साखरेलाही तेज चढतं," बाबा म्हणाले. आणि तीन-चार माना खरोखर हलल्या.

भाऊजींची हलली नाही. "पिशवी मी भरलीय," ते म्हणाले. "वीस वर्षांत माझं माप चुकलं असं कुणी म्हटलेलं नाही." ते वाकले आणि डब्याची मागची बाजू चाचपू लागले. वजनमाप खात्याचा शिशाचा शिक्का जिथे असतो, तिथे नुसती तुटलेली तार होती. "शिक्का तोडलाय. आतलं सेटिंग बदललंय. दर आठवड्याला थोडं थोडं, काय रे?"

चेल्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "दहाचे अकरा सहाशे दिसतात. मग सत्तावन्न दिसतात तेव्हा खरे किती?"

तोंडी हिशेबात ते माझ्यापेक्षा जलद आहेत. तरी या वेळी त्यांनी बोटांवर मोजलं.

"एकोणपन्नास."

तीन किलो गेले होते. ताई तिथेच जमिनीवर बसली. खोकल्याची उबळ आली म्हणून भाऊजींनी भिंतीला हात टेकला.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. थुंकी पुन्हा तपासायला घेतली आणि म्हणाले, कदाचित उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतील. आम्ही हॉलमधून बाहेर पडलो तेव्हा बेकरीवाला पुन्हा बाबांच्या रांगेत उभा होता.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दुकानात असा काटा असेल, तर उद्या त्याचं झाकण उघडून आत बघा. तुम्हाला जे ठाऊक आहे, ते दुसऱ्याच्या दारात विसरू नका. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी त्याच्या काट्यावर स्वतः भरलेली पिशवी ठेवा.