मालक समोर असताना

"शिट्टी कोण वाजवणार, ते अजून ठरलेलं नाही," टेम्पोवाला म्हणाला.

"तूच वाजवायची. बाहेर तूच असणार ना?"

"मला शिट्टी येत नाही."

"मग हॉर्न वाजव."

"हॉर्न दोन महिने बंद आहे."

किल्लीवाल्याच्या मेव्हण्याने कपाळावर हात मारला. टेम्पोच्या हौद्यात तिघे मांडी घालून बसले होते आणि मध्ये जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा पसरला होता. नकाशात गल्ली होती, घड्याळांच्या दुकानाचा मागचा दरवाजा होता आणि टेम्पोसाठी एक चौकोन होता. त्या चौकोनापुढे मेव्हण्याने बाण काढला होता, कारण टेम्पो ढकलल्याशिवाय चालू होत नसे. गाडीच्या या खोडीवरून गावाने टेम्पोवाल्याचं नाव धक्क्या पाडलं होतं.

"आणि पळून जाताना ढकलायचं कोणी?" धक्क्याने विचारलं.

"दाजी ढकलतील."

दाजी म्हणजे किल्लीवाला. साठी उलटलेला माणूस. चाळीस वर्षं चौकातल्या टपरीत बसून त्याने किल्ल्या घासल्या, कुलपं उघडली. त्याचा एकच नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता: मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा लग्नघरची माणसं बाहेर ताटकळली होती, तरी घरमालक येईपर्यंत हा पायरीवर हाताची घडी घालून बसला. बायको ही गोष्ट माहेरी-सासरी कौतुकाने सांगायची. तिच्या या भावालाही ती तोंडपाठ होती आणि तोच आज नकाशा काढून बसला होता.

किल्लीवाला यात आला कसा? हाव म्हणावी, तर तसंही नव्हतं. हल्ली दारांना आकडे दाबायची कुलपं आली होती आणि टपरीत दिवसच्या दिवस माशा मारण्यात जात. अशात मेव्हणा एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "दाजी, तुमच्याशिवाय हे काम होणारच नाही." असं त्याला कितीतरी वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर तो विरघळला. पुढे कधी हे आठवलं की चोरीपेक्षा त्याला याचीच जास्त लाज वाटायची.

किल्ली करायला त्याला कुलूप बघावंही लागलं नाही. केलेल्या प्रत्येक किल्लीच्या दातांचं माप तो वहीत उतरवून ठेवायचा. दुकान चालवणाऱ्या घड्याळवाल्या बाईंची किल्ली बारा वर्षांपूर्वीच्या पानावर होती. ती घासताना हात नेहमीसारखाच चालला.

बाई दुपारी एक ते चार दुकान बंद करून घरी जात, जेवत, झोपत. पावणेतीनला तिघे मागच्या गल्लीत पोचले. किल्लीवाल्याने कुलपात किल्ली घातली. ती अर्धी फिरली आणि अडली. जरा वर उचलून, जरा दाबून त्याने ते उघडलं, पण आतून कचकच ऐकू आली. मेव्हणा आत शिरला, धक्क्या टेम्पोपाशी थांबला. त्याचं काम संपलं होतं. ठरल्याप्रमाणे त्याने कोपऱ्यावर जाऊन वर्तमानपत्र वाचत उभं राहायचं होतं.

पण कुलूप हातातच राहिलं होतं. स्प्रिंग गेलेली, आत मातीचा थर. पाच मिनिटांचं काम, त्याने मनाशी म्हटलं. वर्तमानपत्र पायरीवर अंथरलं, चष्मा लावला, खिशातला पेचकस काढला आणि भर दुपारी चोरीच्या दारात तो कुलूप खोलून बसला.

आत काचेचं कपाट एकट्या मेव्हण्याला हलेना, तेव्हा त्याने धक्क्यालाही आत बोलावून घेतलं. आता बाहेर पहारा असा कोणाचाच नव्हता. तेवढ्यात तीन वाजले. एका घड्याळात नव्हे, भिंतीवरच्या चाळीस घड्याळांत, आणि सगळी एकाच वेळी नाही. एकाचे ठोके संपले की दुसऱ्याचे सुरू. "पोलीस!" असं ओरडून धक्क्या टेबलाखाली गेला. "अरे, घड्याळं आहेत ती, घड्याळं!" मेव्हणा दबक्या आवाजात खेकसला.

"अगंबाई, आलात का शेवटी!"

किल्लीवाल्याने मान वर केली. समोर घड्याळवाल्या बाई उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दुकानाची किल्ली.

"आठ महिने झाले मी सांगून. कुलूप अडतंय, येऊन बघून जा म्हटलं होतं. मला वाटलं, विसरलात."

तो विसरलाच होता. आता त्याला सगळं आठवलं. टपरीसमोर उभं राहून बाई बोलल्या होत्या आणि तो "येतो" म्हणाला होता.

"आज डोळाच लागला नाही, म्हणून लवकर आले," असं म्हणत बाई आत गेल्या. तोही मागोमाग धडपडत गेला. मेव्हणा एका हातात लंबकाचं घड्याळ आणि दुसऱ्या हातात उशीचा रिकामा अभ्रा घेऊन खांबासारखा उभा होता. टेबलाखालून धक्क्याचे पाय दिसत होते.

"ही तुमची माणसं?"

"हो," किल्लीवाला म्हणाला.

"आणि हे काय करताय?"

"पुसतोय," मेव्हण्याच्या तोंडून निघून गेलं.

"उशीच्या अभ्र्याने? थांबा, फडकं देते."

पुढचा तासभर मेव्हण्याने आणि धक्क्याने चाळीस घड्याळं पुसली. बाई खुर्चीत बसून सांगत होत्या, हे जपून, याची काच सैल आहे, ते आमच्या यांनी स्वतः जोडलेलं. काचेचं कपाटही त्यांनी त्या दोघांकडून खिडकीपाशी हलवून घेतलं. दोघेही "हो बाई, हो बाई" करत राबत होते.

किल्लीवाल्याने नवी स्प्रिंग बसवली, तेल घातलं, कुलूप दोनदा लावून उघडून पाहिलं. आता ते लोण्यासारखं फिरत होतं. त्याने ते बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं,

"पण किल्ली तर माझ्याकडे होती. उघडलंत कसं?"

खोटी किल्ली त्याच्या खिशात होती. कापडातूनही ती मांडीला टोचत होती.

"तारेने," तो म्हणाला.

"तारेने? मालक समोर नसताना?"

मेव्हण्याचा पुसता हात थांबला. खरं सांगून टाकावं, असं किल्लीवाल्याला मनापासून वाटलं. हात खिशापर्यंत गेलाही, पण किल्ली बाहेर काढली नाही.

"असो," बाईच म्हणाल्या. "मी नव्हते, आणि उन्हात किती वेळ बसणार होता तुम्ही." त्या उठल्या आणि गल्ल्याच्या खणातून एक किल्ली काढली. "ही ठेवा तुमच्याकडे. मी एकटी असते, कधी आत पडले-बिडले तर कोणीतरी दार उघडायला हवं. आणि किल्लीवाले, पुढच्या वेळी तार नको."

त्याने मजुरी घेतली नाही. किल्ली मात्र घ्यावीच लागली.

गल्लीत टेम्पो ढकलताना मेव्हणा हसायला लागला. "दाजी, आता तर राजरोस किल्ली मिळाली! पुढच्या आठवड्यात—"

"पुन्हा माझ्या टपरीची पायरी चढायची नाही," किल्लीवाला म्हणाला. आवाज चढला नव्हता, तरी मेव्हण्याचं हसू तोंडातच विरलं. टेम्पो चालू झाला. हा मात्र त्यात बसला नाही. आधी टपरीवर गेला, खिशातली खोटी किल्ली पकडीत धरली आणि तिचे सगळे दात कानसीने घासून सपाट केले.

बाईंना कळलं होतं की नव्हतं, याचा त्याने पुढे खूप विचार केला. विचारायचं धाडस कधी झालं नाही. कळलं नसेल तर तो फसवणारा ठरत होता आणि कळलं असेल तर त्याहून वाईट.

घरी बायकोने दुसरी किल्ली पाहिली. "ही कोणाची?"

"घड्याळवाल्या बाईंची. त्यांनी ठेवायला दिली."

"स्वतःहून?"

"हो."

तिचा चेहरा उजळला. "बघा. गावात कोणाला देतं का कोणी अशी किल्ली?" तिने लाल दोरा शोधला, किल्लीला बांधला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडावी म्हणून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. खाली चपला काढायची जागा होती. शेजारीण आली की बायको अजून तिकडे बोट दाखवते आणि ती लग्नघरची गोष्ट पहिल्यापासून सांगते.

तो तेव्हापासून चपला समोरच्या भिंतीपाशी काढतो. बायकोने कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, इथे वाकायला सोपं पडतं.