रत्नाईचं बूच

दांडीहून बोईसरला निघताना दिनानाथने इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्याच्या बायकोने, हंसाने, त्याच्या खिशात एक लाकडी बूच कोंबलं. "आज तरी द्या. नायतर परत तसंच घेऊन याल," असं वर ठणकावूनही सांगितलं.

होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्या तळाचं बूच काढून घरी आणायचं, ही दांडीची रीत. आत पडलेलं पावसाचं पाणी वाहून जातं, लाकूड सडत नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय कुणाला होडी पाण्यात घालता येत नाही. दिनानाथच्या होडीने दर्या सोडल्याला बरीच वर्षं झाली होती. बूच देवाच्या फळीवर पडून होतं. बोईसरच्या नव्या बागेत ठेवायला होडी न्यायला ट्रक आला, तेव्हा नारळ फुटला, कुंकू लावलं, हंसा रडली, आणि या गडबडीत बूच द्यायचं राहून गेलं. बागवाल्यांनीही मागितलं नाही. होडीला बूच असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

होडी मागितली होती राजनंदिनीताईंनी. निवडणूक तोंडावर आलेली, ताईंनी बाग बांधून घेतलेली, आणि बागेच्या मधोमध तळ्यात 'दर्याच्या लेकरांचं स्मारक' म्हणून खरीखुरी होडी तरंगायला हवी, ही कल्पनाही त्यांचीच. दिनानाथने होडी फुकट दिली. अट एकच घातली. होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, 'रत्नाई' लिहिलं होतं, ते तसंच राहायला हवं.

रत्नाबाई त्याची आई. जेट्टीच्या विरोधात किनाऱ्यावरची गावं रस्त्यावर उतरली, तेव्हा हीच होडी ट्रॉलीवर चढवून मोर्चाच्या पुढे नेली होती आणि तिच्या नाळेला टेकून म्हातारी दिवसभर उन्हात बसली होती. तिच्या शेजारी राजनंदिनीताई बसल्या होत्या. म्हातारीच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी त्यांनी बोटं चाटून खाल्ली होती. पुढे म्हातारी गेली. ताईंनी पक्ष बदलला आणि जेट्टी झाली तर पोरांना कामं मिळतील असं म्हणू लागल्या. गावातले लोक दिनानाथला म्हणाले, या बाईला होडी देतोस कशाला? तो म्हणाला, "आयचं नाव बोईसरात उबं राहील. मानसं इचारतील, ही कोन? मंग सांगता येईल." त्याला यापलीकडे काही नको होतं.

उद्घाटनासाठी तो बागेत शिरला आणि त्याचे पाय थबकले. तळं अजून कोरडं होतं, फरशीवर होडी टेकलेली. पण तिला ओळखायला दोनदा पाहावं लागलं. बुडापासून काठापर्यंत केशरी आणि पिवळा रंग, एका बाजूला ताईंचा हात जोडलेला हसरा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला, 'ताईंचा ध्यास, किनाऱ्याचा विकास'. नाळेवर कमळासारखं काहीतरी फूल काढलं होतं. 'रत्नाई' कुठेही नव्हती.

रंगाऱ्याचं नाव भावेश. सालवडला राहायचा, कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून रंगकाम करायचा. डबे आवरत होता.

"इतं नाव व्हतं," दिनानाथ म्हणाला.

"था ना, काका. मेरे को बोला, पूरा मार दो. मैं क्या करता?" भावेशचा चेहरा पडला होता. बिचाऱ्याचा काय दोष!

दिनानाथ सरळ ताईंकडे गेला. त्या साडीवर पांढरेशुभ्र बूट घालून लोकांच्या गराड्यात उभ्या होत्या. प्रचारात पायी फिरायला बरे पडतात म्हणून हल्ली पुढाऱ्यांचं हेच चाललंय.

"ताई, आयचं नाव ठेवायचं ठरलं व्हतं."

"अहो दिनानाथभाऊ, राहून गेलं. पुढच्या आठवड्यात टाकून घेऊ, माझा शब्द."

"मोर्चाला तुमी तिच्याच बाजूला बसला व्हता. तिच्या डब्यातलं खाल्लंत."

ताईंचं हसू किंचित उतरलं. "ते दिवस वेगळे होते, भाऊ," असं म्हणून त्या वळल्या आणि भाषणासाठी होडीत चढू लागल्या. कॅमेरेवाल्यांनी तसंच सुचवलं होतं.

"ताई, पायातलं काडा. होडीत पायातलं घालून नाय चडत."

दांडीत लहान पोरही चप्पल घालून होडीत पाय टाकत नाही. होडी म्हणजे आई, पोट भरणारी. ताईंना हे ठाऊक होतं. मोर्चाच्या दिवशी त्यांनीच ट्रॉलीखाली चपला काढल्या होत्या. आज त्या हसून म्हणाल्या, "अहो, ही बाग आहे. दर्या थोडाच आहे?" आणि बुटांसकट आत उतरल्या.

दिनानाथचा हात खिशात गेला. बूच हाताला लागलं. ते त्याने तिथेच राहू दिलं. रागाने त्याचे कान तापले होते.

ताईंनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या, नळांतून पाणी धो धो पडू लागलं आणि भाषण सुरू झालं. कितीही वादळं आली तरी आमचा कोळी बांधव बुडत नाही, असं ताई म्हणत होत्या. तळं भरत होतं. होडी मात्र जागची हलेना. पाणी बाहेर जेवढं चढलं तेवढंच आतही चढलं, आणि विकासाच्या मुद्द्यावर येईस्तोवर ताईंचे पांढरे बूट बुडाले.

दांडीहून आलेल्या बायका एकीकडे उभ्या होत्या, त्यांत हंसाही होती. हंसाने नवऱ्याकडे पाहिलं. "बूच दिलंत ना?" तिने हलक्या आवाजात विचारलं. दिनानाथने नाही म्हणून मान हलवली. हंसाने पदर तोंडात कोंबला. दुसरीने तिसरीला सांगितलं, आणि त्या कोपऱ्यात हसू आवरेना.

दिनानाथला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण होडीत पाणी पोटरीपर्यंत चढलं तेव्हा त्याला पाहवेना. आयुष्यात कधी तो होडी पाण्याने भरताना नुसता पाहत उभा राहिला नव्हता, आणि ही तर आईची होती. त्याने काठावर चपला काढल्या आणि इस्त्रीच्या शर्टासकट पाण्यात उतरला.

"उतरा, ताई. आदी उतरा."

ताई उतरल्या, दुसरा इलाजच नव्हता. दिनानाथने होडीत वाकून तळाच्या भोकात बूच ठोकलं, आणि हंसासकट साऱ्या बायका माळ्यांच्या बादल्या घेऊन पाणी उपसायला धावल्या. होडी हलकी होऊ लागली. दिनानाथने सवयीने नाळेवर हात टेकला, तर तळवा केशरी झाला. त्याने पुन्हा घासलं. फूल ओघळलं आणि खालून निळं अक्षर दिसलं.

"भावेश!" ताई ओरडल्या. "हा कसला रंग मारलास?"

"मॅडम, डिस्टेंपर है, पानीवाला. ऑइल का सामान दिया किधर?"

दर्याच्या पाण्याला पुरून उरलेला जुना ऑइल पेंट खाली शाबूत होता. हंसाने पदर ओला केला, बाकीच्या बायकांनीही केला, आणि त्यांनी न्हाऊ घालावं तशी ती नाळ पुसून काढली. 'रत्नाई' पुरतं दिसलं तेव्हा होडी फरशीवरून सुटली आणि जराशी डुलली. दिनानाथ तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडला.

ताई काठावर उभ्या होत्या. बुटांत पाणी भरलेलं, म्हणून ते काढून त्यांनी हातात घेतले होते. पाय उघडे. कॅमेरे चालूच होते.

दिनानाथने डोळे पुसले आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग होडी काठाला लावून धरली आणि पाहुण्याला म्हणावं तसं, अगदी आदराने म्हणाला, "आता चडा, ताई. आता चालंल."

ताईंनी एकदा त्या नावाकडे पाहिलं. त्या चढल्या नाहीत.