कासवकाका फोरमवरच राहिले

चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं माझं काम. दुपारी डबा खाता खाता फोन उघडला, तर दिराचा मेसेज: "वहिनी, आज चार वाजता फोरम कायमचा बंद करतोय. काही ठेवायचं असेल तर काढून घे."

फोरम म्हणजे शहरं वसवायच्या एका जुन्या कॉम्प्युटर गेमच्या गप्पांची वेबसाइट; दीरच चालवायचा. बारा वर्षं आम्ही तिथे कडाकडा भांडलो, एकमेकांच्या नकाशांतल्या चुका काढल्या. मग मीच टुमणं लावलं, सोशल मीडियावर ग्रुप करू या. तिथे फोटो टाकला की लगेच पन्नास अंगठे! फोरमवर उत्तराला दोन दिवस कोण थांबतो? एकाने दुसऱ्याला ओढलं आणि महिन्याभरात सगळे तिकडे. कासवकाका, हे त्यांचं फोरमवरचं नाव, तेवढे आले नाहीत. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेलेला, घरी एकटेच. बोलणं काय ते टायपिंगवर. "म्हातारा हट्टी आहे," म्हणून मी मोकळी झाले.

माझे नकाशे उतरवायला फोरम उघडला. सगळ्यात वर काकांचेच निरोप. आजचेच.

बारा वाजता: "छातीत कळ येतेय. कोणी आहे का?"

बारा वीसला: "डावा हात जड झालाय. ताई, तू तरी असशील ना?"

एकला दहा कमी: "उठवत नाहीये."

ताई म्हणजे मीच. आणि आता दीड वाजला होता. घास तोंडातच राहिला. अगं बाई, मेले मी! "काका, आहे मी! पत्ता सांगा!" उत्तर नाही. दिराला फोन लावला.

"काकांचा पत्ता दे! फोरमच्या स्पर्धेचं बक्षीस पाठवलं होतंस ना त्यांना?"

"वहिनी, चार वर्षं झाली त्याला. जुन्या निरोपांत शोधावं लागेल, पण..."

"पण-बिण गेलं खड्ड्यात! शोध!"

सहा मिनिटं लागली त्याला. त्या सहा मिनिटांत मी घामाने भिजले. पत्ता मिळताच अँब्युलन्सला कळवलं, "त्यांना आवाज नाही हो, हाका मारत बसू नका. सरळ दार तोडा."

वीस मिनिटांनी फोन वाजला. मला तो उचलवेना. शेवटी मालकांनी उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"श्वास चालू आहे," अँब्युलन्सवाला म्हणाला. "पण नाडी फार मंद लागतेय. नेतोय आम्ही. तुम्ही नातेवाईक का? कॉम्प्युटरवर त्यांनी काहीतरी अर्धवट लिहून ठेवलंय."

"वाचा ना."

"'सगळे कुठे गेलात ते मला कोणी सांगितलंच नाही. तिकडचा पत्ता द्या, मी पण येतो...' एवढंच आहे."

नव्या ग्रुपची सूचना मी लिहिली होती, चांगली चार ओळींची. पण ती मी फोरमवर नाही, त्या नव्या ग्रुपवरच टाकली होती.