शाळेच्या पटांगणात कातरणी

मेंढरं कातरायच्या दिवसांत आमच्या वाडीत शाळा भरतच न्हाई. बाप कातर चालवतो, पोरं मेंढराचे पाय धरून बसत्यात. पणज्या-खापरपणज्यापासनं हेच चाललंय. आणि नेमका तवाच शाळा तपासायला सायेब आला, मेल्याला दुसरा दिवस गावला न्हाई! रिकामी बाकं बघून स्वानंदीबाईंना म्हणला, "पटावर मुलं आहेत म्हणता, मग आहेत कुठं? उद्या पुन्हा येतो. असंच दिसलं तर शाळा बंद करायला लिहून देईन."

बाई रडतच माझ्याकडं आल्या. वाईची पोरगी, पण लेकरांना लय जीव लावती. माझ्या पूजाची शाळा जाणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीकच गेली. थोरली रेश्मा अशीच घरी बसली. म्होरच्या वर्गांची शाळा खालच्या गावात, मधी ओढा नि डांबरी सडक. तिचा बाप म्हणला, "पोरीच्या जातीनं कशाला तंगड्या तोडायच्या?" आता ती मेंढरांमागं फिरती. धाकटीचं तसं मी हू देणार न्हवते.

सांजच्याला नवऱ्याला सांगितलं, "उद्या पूजा शाळंत जाणार."

"येडी का खुळी तू?" बिराप्पा म्हणला. "निम्मी मेंढरं ऱ्हायल्यात. पाय कोण धरंल, तुझा सायेब?"

"मी धरीन."

"आन् बाकीची पोरं? एकट्या पूजानं शाळा वाचती व्हय?"

खरं हुतं त्याचं. मला लय राग आला.

सकाळी कुणाला न इचारता मेंढरं सोडली आन् हाकलली थेट शाळंच्या पटांगणात. आमच्या मेंढरांमागं शेजारपाजारची बी निघाली. बाप्ये कातऱ्या घेऊन शिव्या घालतच आले.

"अंजने, डोकं फिरलंय का तुझं?" बिराप्पा गरजला.

"फिरलंय! कातरा हितंच. पोरं आत बसत्याल, पाय बायका धरत्याल."

बायकांनी पदर खोचले. पुरुषांचं मग काय चालतंय?

सायेब गाडीतनं नाकाला रुमाल लावूनच उतरला. "ही शाळा आहे की कोंडवाडा?"

"आवं सायेब, आदी आत जाऊन पोरं मोजा, नाक मागनं दाबा," मी म्हणले.

आत गेला. बाकं गच्च भरल्याली. बाहीर येऊन म्हणला, "आज बसवलीत. उद्याचं काय?"

"उद्या बी या, परवा बी या. आन् सांगून येऊ नगा."

तेवढ्यात बिराप्पाच्या हातनं एडका निसटला आन् वर्गाच्या दाराकडं पळाला. पूजा सवयीनं उठली, धावत आली, त्याचे पाय धरले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सकाळधरनं मला शिव्या घालणारा माझा नवराच सायबादेखत वरडला, "ए पूजे! सोड त्याला. आत जाऊन बस!"

माझ्या शेजारी मेंढराचे पाय धरून बसल्याली रेश्मा बापाकडं बघतच ऱ्हायली.