कोणत्या डब्यातून उतरले

तीस वर्षं मी रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे बसलो. समोरचा माणूस स्लीपर मागणार की एसी, हे तो तोंड उघडायच्या आत मी ओळखायचो. पगार वाढला की डबा बदलतो, आणि डब्याबाबत खोटं बोलणारा कशाबाबतही खोटं बोलेल, असं माझं ठाम मत.

म्हणून पूर्णिमा म्हणाली, "बाबा, सौमित्रचे आईबाबा सेकंड एसीनं येऊन राहिले," तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं लग्नासाठी पसंत केलेला हा मुलगा नागपुरात कुठल्याशा खाजगी कंपनीत, बाप निवृत्त कारकून. यांना सेकंड एसी परवडतं कसं? त्यात 'स्टेशनवर येऊ नका, दहा वाजता घरीच येतो' असा निरोप. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय असं कोण सांगतं?

दूध आणतो असं बायकोला सांगून मी चेरीतालच्या घरून थेट स्टेशन गाठलं. दोन्ही घरांनी एकमेकांचे फोटो पाहिलेले होते. एसी डबा लागतो तिथल्या खांबाआड उभा राहिलो.

गाडी आली. एसीतून सगळे उतरले, हे दोघं नाहीत. मग पार पुढे, इंजिनाजवळच्या जनरल डब्यातून, धक्के खात ती बाई उतरली. मागून तो, मिठाईचा डबा डोक्याच्या वर धरून. दोघं माझ्या समोरूनच गेले. मला संताप आला, आणि आपला संशय खरा ठरल्याचा आनंदही झाला.

घरी येताच मी पूर्णिमाला गाठलं. "हे लग्न होणार नाही. लबाड लोक आहेत. जनरलमधून उतरताना पाहून आलो."

"अच्छा, स्टेशनवर गेले होते तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली. "लबाड मी आहे, बाबा. ते तर साफ म्हणाले होते, जनरलनं येतो. सेकंड एसी मी सांगितलं. नाहीतर तुम्ही घरात येऊ दिलं असतं का त्यांना? आणि तुम्ही स्वतः कधी तिकीट काढलं जी? जन्मभर रेल्वेच्या फुकट पासवर फिरले."

तेवढ्यात बेल वाजली. दार मलाच उघडावं लागलं.

सौमित्रच्या वडिलांनी मिठाईचा डबा माझ्या हातात दिला आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "सकाळी स्टेशनवर दिसले तुम्ही. पण खांबामागं उभे होते, म्हणून हाक नाही मारली. म्हटलं, काहून लाजवावं तुम्हाले."